नव्या स्वतंत्र व्हिडिओ गेम्सचा शोध आणि चर्चा : घिवली–बोईसर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

गोषवारा

एखाद्या स्वतंत्र व्हिडिओ गेमची निर्मिती ही त्याच्या इतिहासाची केवळ एक बाजू होय. तो खेळ कोणाला, कोणत्या मार्गाने सापडला आणि त्यावर कोणत्या भाषेत बोलले गेले, ही त्याची दुसरी बाजू आहे. प्रस्तुत लेखात १९९५ नंतरच्या काळात नवे खेळ शोधण्याची साधने कशी बदलत गेली याचा आढावा मुंबई, पुणे, गोवा आणि वापी येथील निर्मात्यांच्या उदाहरणांतून घेतला आहे. त्या आधारे मराठीतील चर्चेचा अभाव आणि खेळांच्या जतनाचा प्रश्न यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

बीजसंज्ञा : स्वतंत्र व्हिडिओ गेम, वितरण, रसास्वाद, जतन, पालघर जिल्हा.

१. प्रस्तावना

घिवली हे पालघर जिल्ह्यातील बोईसर–तारापूर परिसरातील समुद्रकाठचे गाव आहे. १९६९ साली तारापूर अणुऊर्जा केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीमुळे मासेमारी, शेती आणि कारखानदारी हे तीन व्यवसाय या पट्ट्यात शेजारी-शेजारी नांदू लागले. एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या भागातील तरुणांचे शिक्षण, नोकरी आणि करमणूक या तिन्ही गोष्टींचा ओढा साहजिकच दक्षिणेकडे, म्हणजे मुंबईकडे, राहिला आहे.

मात्र याच लोहमार्गावर बोईसरपासून उत्तरेकडे सुमारे ७० किलोमीटरवर गुजरातमधील वापी हे स्थानक आहे. तेथील चला या भागात ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ ही ध्रुव जानी यांनी उभी केलेली लहानशी संस्था व्हिडिओ गेम्स तयार करते. तिच्या खेळांची दखल लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने घेतली. पालघरच्या शेजारी घडलेली कलाकृती लंडनला सापडावी आणि पालघरमधील मराठी वाचकाला तिचे नावही ठाऊक नसावे, असे का व्हावे? भौगोलिक अंतर हे याचे कारण असू शकत नाही. ते कारण शोधाच्या आणि चर्चेच्या व्यवस्थेत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. ‘स्वतंत्र’ या संज्ञेचा अर्थ

मोठ्या प्रकाशन संस्थेच्या भांडवलावर आणि आदेशावर अवलंबून न राहता एका व्यक्तीने अथवा छोट्या गटाने तयार केलेला खेळ म्हणजे स्वतंत्र व्हिडिओ गेम, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. अशा खेळाजवळ जाहिरातीसाठी पैसा नसतो. त्यामुळे तो लोकांपर्यंत जाण्याचे काम खेळाडूंच्या आपसांतील सांगण्यावर आणि जाणकारांच्या शिफारशीवर सोपवलेले असते.

मराठी वाचकाला ही स्थिती अपरिचित नाही. साठच्या दशकात मुंबईत फोफावलेली लघुअनियतकालिकांची चळवळ याच तत्त्वावर उभी होती. अल्प भांडवल, मोजक्या प्रती आणि हातोहात होणारे वितरण ही तिची लक्षणे होती. ती वाचली गेली, कारण तिच्याभोवती वाद घालणारा वाचकवर्ग तयार झाला होता. स्वतंत्र खेळांच्या बाबतीत हा वाचकवर्ग कसा घडला, हे पाहण्यासाठी वितरणाच्या साधनांचा क्रम पाहणे आवश्यक ठरते.

३. नियतकालिक आणि तबकडी

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह देशातील महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी ही सेवा महाग आणि संथ होती. एखादा खेळ तिच्यावरून उतरवून घेणे फारसे व्यवहार्य नव्हते. या काळात नव्या खेळांची ओळख करून देण्याचे काम संगणकविषयक इंग्रजी मासिकांनी केले. मुंबईतून निघणाऱ्या ‘चिप’ आणि २००१ पासून त्याची जागा घेणाऱ्या ‘डिजिट’ या मासिकांबरोबर तबकडी मिळत असे. तिच्यात मोफत आज्ञावली आणि खेळांचे नमुने असत.

ही तबकडी म्हणजे एक प्रकारचे संपादित प्रदर्शनच होते. कोणते खेळ घ्यायचे हे संपादक ठरवीत आणि एका तबकडीवरील खेळ अनेक मित्र मिळून पाहत. शोध आणि चर्चा या दोन्ही क्रिया येथे एकाच ठिकाणी घडत होत्या. तथापि या व्यवस्थेला दोन मर्यादा होत्या. निवडलेले खेळ प्रामुख्याने परदेशी असत आणि त्यांवरील लेखन इंग्रजीत असे. मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी खेळ खेळू शके. त्या खेळावरील चर्चेत मात्र तो श्रोताच राहत असे.

मुंबईत १९९९ साली विशाल गोंडल यांनी ‘इंडियागेम्स’ ही कंपनी स्थापन केली. पुढे भ्रमणध्वनीवरील खेळ हे तिचे प्रमुख क्षेत्र झाले. त्या काळी असे खेळ दूरसंचार कंपन्यांच्या यादीतून विकले जात. त्या यादीत वर कोणाचे नाव असावे हे कंपनी ठरवी. क्रिकेट आणि चित्रपट या परिचित विषयांना त्यामुळे झुकते माप मिळणे स्वाभाविक होते.

४. खुले दुकान आणि नवे निर्माते

जुलै २००८ मध्ये ॲपलचे ‘ॲप स्टोअर’ सुरू झाले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचेही दुकान उघडले. त्यामुळे दूरसंचार कंपनीचा मध्यस्थ दूर झाला. मुंबईत शैलेश प्रभू यांनी २००७ साली सुरू केलेला ‘यलो मंकी स्टुडिओज’ हा या बदलाचा लाभ घेणारा आरंभीचा भारतीय स्वतंत्र गट होय. त्यांचा ‘ह्यूब्रिक्स’ हा कोड्यांचा खेळ २०१२ साली आणि ‘सोशिओबॉल’ हा २०१५ साली प्रसिद्ध झाला. ‘सोशिओबॉल’मध्ये खेळाडूने स्वतः रचलेले कोडे ट्विटरवरून इतरांना पाठवण्याची सोय होती. खेळाविषयी बोलणे हाच खेळ पसरण्याचा मार्ग व्हावा, हा त्यामागील विचार लक्षणीय आहे.

संगणकावरील खेळांच्या बाबतीतही याच सुमारास बदल घडत होते. २००३ साली सुरू झालेल्या ‘स्टीम’ या वितरण व्यवस्थेने ऑगस्ट २०१२ मध्ये ‘ग्रीनलाइट’ योजना आणली. कोणता खेळ विक्रीस घ्यावा याविषयी खेळाडूंनी मत नोंदवायचे, असे तिचे स्वरूप होते. जून २०१७ मध्ये ती बंद झाली आणि १०० डॉलर शुल्क भरून कोणालाही खेळ विक्रीस ठेवता येईल अशी पद्धत आली. मार्च २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इच’ या संकेतस्थळाने त्याही पुढे जाऊन किंमत आणि संकेतस्थळाचा वाटा ठरवण्याचा अधिकार निर्मात्यालाच दिला. किंमत शून्य ठेवण्याचीही मुभा दिली.

या बदलांनी प्रवेशाची अडचण दूर केली, पण त्याच वेळी दुसरी अडचण निर्माण केली. पूर्वी खेळ दुकानात पोहोचत नव्हता. आता तो दुकानात असूनही दिसेनासा झाला. हजारो खेळांच्या गर्दीत निवड करणारा संपादक उरला नाही. त्याची जागा विक्रीचे आकडे पाहून शिफारस करणाऱ्या यंत्रणेने घेतली. अशा वेळी जाणकारांच्या चर्चेचे महत्त्व वाढते.

५. पुण्यातील ‘राजी’

या संदर्भात पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा अनुभव बोधप्रद आहे. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळात राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू हे तिच्या प्रवासाचे निवेदक आहेत. राजस्थानी वास्तुरचना, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांचे निवेदन यांच्या मिश्रणातून या खेळाचे दृश्यरूप साकारले आहे.

२०१७ च्या अखेरीस या खेळासाठी ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणीची मोहीम काढण्यात आली. ठरलेले उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तर काहीच रक्कम हाती येत नाही, असा त्या व्यवस्थेचा नियम आहे आणि येथे उद्दिष्ट गाठता आले नाही. पुढे एपिक गेम्स कंपनीच्या अनुदानाचा आधार मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडोच्या स्वतंत्र खेळांविषयीच्या कार्यक्रमात हा खेळ जाहीर झाला आणि त्याच दिवशी निन्टेंडो स्विचवर उपलब्ध झाला. ऑक्टोबरमध्ये तो इतर माध्यमांवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. हिंदी संवादांची जोड २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मिळाली.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. पुण्यात घडलेल्या खेळाची पारख प्रथम परदेशी व्यासपीठावर झाली आणि भारतीय भाषा त्याच्या वाट्याला नंतर आली. गोव्यातील अरमान संधू यांच्या ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’चे ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) आणि ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हे खेळही असेच प्रथम इंग्रजी जाणणाऱ्या खेळाडूंपर्यंत पोहोचले. ‘फरगॉटन फील्ड्स’मध्ये एक लेखक बालपणीच्या घरी अखेरच्या भेटीसाठी परततो. हा विषय मराठी कथेच्या वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. परंतु कथेच्या समीक्षकापर्यंत तो पोहोचण्याची वाट अजून तयार झालेली नाही.

६. लोहमार्गाच्या उत्तरेकडे

ओलिओमिंगसच्या खेळांचे स्वरूप याहून वेगळे आहे. ‘अ म्युझियम ऑफ ड्युबिअस स्प्लेंडर्स’ (२०१८) मध्ये खेळाडू एका विलक्षण संग्रहालयाच्या दालनांतून फिरतो आणि मीर उमर हसन या कल्पित लेखकाच्या कथा वाचतो. २०१९ मधील ‘इन द पॉज बिटवीन द रिंगिंग’ हा खेळ टेलिफोनभोवती गुंफलेला असून त्याचा संबंध व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सप्टेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात भरलेल्या व्हिडिओ गेम्सच्या प्रदर्शनाशी होता. ‘द इंडिफरंट वंडर ऑफ ॲन एडिबल प्लेस’ (२०२०) मध्ये इमारती खाण्याचे काम करणारा पालिकेचा एक नोकर आहे. वास्तू नाहीशी झाली की तिच्याबरोबर इतिहासही कसा पुसला जातो, हे येथे रूपकातून मांडले आहे.

जिंकणे-हरणे हे या खेळांचे प्रयोजन नाही. वसाहतकाळ, भाषांतर आणि विस्मरण यांविषयीचे ते चिंतन आहे. प्रकल्पासाठी ज्या किनाऱ्यावर गावांनी जमिनी दिल्या, त्या किनाऱ्यावरील वाचकाला ‘खाल्लेल्या’ वास्तूंची ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. तरीही घिवली–बोईसरच्या वाचनालयात वा महाविद्यालयात ती पोहोचण्यासाठी कोणीतरी मराठीत तिच्याविषयी लिहिणे आवश्यक आहे.

७. मराठीतील चर्चा आणि जतनाचा प्रश्न

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर स्वस्त इंटरनेट गावोगावी पोहोचले. त्यामुळे खेळणाऱ्यांचा वर्ग विस्तारला. परंतु २०१८ नंतर ‘पबजी’च्या निमित्ताने आणि २ सप्टेंबर २०२० च्या बंदीनंतर मराठीत जी चर्चा झाली तिचा भर मुख्यतः व्यसन आणि अभ्यासाची हानी यांवर राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि चर्चेला पुन्हा तेच वळण मिळाले. ही चिंता रास्त आहे. मात्र तिच्यामुळे कलाकृती म्हणून खेळाचा विचार करण्यास जागा उरली नाही.

चित्रपटाच्या बाबतीत महाराष्ट्राने वेगळा मार्ग चोखाळला होता. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. एकाने चित्रपट जपले. दुसऱ्याने ते दाखवून त्यांवर मराठीत बोलण्याची सवय लावली. खेळांसाठी यांपैकी एकही व्यवस्था आजवर उभी राहिलेली नाही.

याचे परिणाम गंभीर आहेत, कारण व्हिडिओ गेम पुस्तकापेक्षा लवकर नष्ट होतो. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलच्या नव्या प्रणालीने जुन्या ३२-बिट आज्ञावलींचा आधार काढून घेतला. ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘फ्लॅश’चे समर्थन संपले आणि त्यावर आधारलेले असंख्य खेळ नेहमीच्या संगणकावर चालेनासे झाले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. एवढी मोठी बाजारपेठ आणि अभ्यासक असलेल्या देशाची ही स्थिती असेल, तर मुंबई-पुण्यातील छोट्या गटांच्या खेळांविषयी अधिकच काळजी वाटते. खेळ नाहीसा झाल्यावर मागे उरते ते त्याच्याविषयीचे लेखन. तेही नसेल तर तो खेळ झाला होता याचा पुरावाच राहत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, संपादित तबकडीपासून खुल्या दुकानापर्यंतच्या प्रवासात खेळ मिळणे सोपे झाले, परंतु चांगला खेळ सापडणे तितकेसे सोपे राहिले नाही. दुसरा असा की, महाराष्ट्र, गोवा आणि लगतच्या प्रदेशात निर्मितीचा अभाव नाही. तिची दखल घेणाऱ्या मराठी समीक्षेचा अभाव आहे. तिसरा असा की, या अभावामुळे खेळांच्या इतिहासाची साधनेच नष्ट होत आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृक्परिणाम आणि गेमिंग या क्षेत्रांसाठीच्या धोरणास मंजुरी दिली. अशा धोरणातून गुंतवणूक आणि रोजगार येऊ शकतील. रसिकता आणि अभ्यास मात्र शिक्षणसंस्थांनाच घडवावे लागतील. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी निवडक स्वतंत्र खेळ खेळण्यायोग्य स्थितीत जपणे, भाषा आणि इतिहास विभागांनी त्यांवर मराठीत परीक्षणे लिहवून घेणे, तसेच निर्मात्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवणे ही कामे अल्प खर्चात होण्यासारखी आहेत. किनाऱ्यावरील गावांतून शिकावयास येणारे विद्यार्थी हे खेळ आधीपासूनच हातातल्या फोनवर शोधत असतात. त्यांच्या या शोधाला अभ्यासाची भाषा मिळवून देणे हे अध्यापकांचे काम होय.