लेखकाची सही आणि प्रकाशकाचा हिशेब

परप्रांतात वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी माणसाला आपले नाव मराठी ग्रंथावर छापलेले पाहण्याची ओढ काही वेगळीच असते. बदलीच्या नोकरीत आमचे आयुष्य गेले, आणि या ओढीपायी आम्हीही एकदा फसलो. एका प्रकाशकाने आमच्या लेखांची तोंड भरून स्तुती केली, ‘खर्चात सहभाग’ म्हणून रक्कम घेतली व हजार प्रती काढण्याचे आश्वासन दिले. हाती आल्या पन्नास. उरलेल्या छापल्या तरी गेल्या की नाही, हे आजतागायत आम्हांस कळलेले नाही. या अनुभवाने आम्हांला ग्रंथव्यवहाराच्या इतिहासाकडे वळविले. त्यातून जे उमगले, ते सुवर्णमहोत्सवी अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इ. स. १८४७ साली कलकत्त्यास दोन गोष्टी घडल्या. कंपनी सरकारने ग्रंथांच्या स्वामित्वहक्काचा कायदा केला. आणि ईश्वरचंद्र विद्यासागरांनी मदनमोहन तर्कालंकारांसह, सहाशे रुपये कर्ज काढून, संस्कृत मुद्रणालय स्थापिले. तेथे छापलेल्या भारतचंद्रांच्या ‘अन्नदामंगल’ काव्याच्या शंभर प्रती फोर्ट विल्यम कॉलेजने सहाशे रुपयांस घेतल्या व कर्ज फिटले. पुढे पुण्यात, १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी किताबखाना आणि आर्यभूषण छापखाना यांच्या उभारणीत पुढाकार घेतला. तेव्हा पदरचे पैसे घालून छापण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र या थोरांच्या बाबतीत पैशाबरोबर प्रती आणि हिशेबाची वहीही त्यांच्याच हाती होती. खर्च लेखकाचा आणि वही दुसऱ्याची, अशी वाटणी झाली की फसवणुकीस जागा मिळते.

१८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याचा रोख सरकारी देखरेखीकडे होता. तथापि त्याने नेमके प्रश्न विचारले होते. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत मुद्रक व प्रकाशक कोण, प्रती किती, किंमत काय आणि स्वामित्वहक्क कोणाचा, हे लिहावे लागे. २०२३ च्या नव्या कायद्याने हा जुना कायदा गेला. नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्यातून वगळली गेली. आता हे प्रश्न लेखकानेच विचारावयाचे आहेत, आणि तेही पैसे देण्यापूर्वी.

स्वतंत्र भारताने १९५७ साली स्वामित्वहक्काचा आपला कायदा केला. त्यानुसार लेखी आणि सही केलेल्या कागदावाचून हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. १९९४ च्या दुरुस्तीने लेखकास आणखी आधार दिला. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजावा. आणि मिळालेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर हक्कदान संपुष्टात आले असे मानावे, अशी ही तरतूद आहे. परंतु यातील मेख ध्यानी घ्यावयास हवी. कागद मौन बाळगतो तेथेच हा कायदा लेखकाच्या वतीने बोलतो. ‘सर्व हक्क, सर्व प्रदेश, कायमचे’ असे छापील शब्द असतील आणि खाली आपली सही असेल, तर त्या आधाराचा उपयोग उरत नाही. सरकारी टिपणीवर वाचल्यावाचून कधी सही न करणारे आम्ही. पण स्वतःच्या पुस्तकाच्या करारावर, स्तुतीच्या भरात, न वाचताच सही करून बसलो. आमच्या करारात प्रतींचा आकडाच नव्हता. आश्वासन होते ते तोंडी.

आणखी एक गोष्ट. आय. एस. बी. एन. क्रमांक मिळवून देण्यासाठी म्हणून वेगळी रक्कम मागितली जाते. वस्तुतः हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावे असलेली केंद्र सरकारची यंत्रणा विनामूल्य देते. क्रमांक मिळाला म्हणजे ग्रंथाला मान्यता मिळाली, असेही नव्हे.

आपल्या मंडळात कविता, आठवणी, प्रवासवर्णने लिहिणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांचे लेखन ग्रंथरूपाने यावे, ही आमची मनापासून इच्छा. फक्त सही करण्यापूर्वी तो कागद मंडळातील एखाद्या जाणत्या स्नेह्यास दाखवावा. आम्ही तेवढे केले असते, तर त्या पन्नास प्रतींकडे पाहताना आज मन खट्टू झाले नसते.