अट देवाची की आपली?

दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्हीपण दोन शब्द लिहा, असं मंडळींनी सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंतची. शेतानं आणि पोथीनं जे शिकवलं तेवढंच माझ्याजवळ आहे. कीर्तन झाल्यावर पुष्कळ जण विचारतात, "महाराज, देव सगळ्यांवर सारखीच माया करतो, का त्याची काही अट असती?" या प्रश्नाचा जबाब पंढरपुरात घडलेल्या गोष्टींतच आहे, म्हणून त्या इथं मांडतो.

पुंडलिकाची कथा सगळ्यांना पाठ आहे. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईबापाची सेवा करत होता. तो उठलासुद्धा नाही, नुसती वीट टाकली. देवानं राग धरला नाही. त्याच विटेवर तो अजून उभा आहे. म्हणजे पंढरीचा आरंभच बिनअटीच्या मायेनं झाला.

आता त्याच पंढरीत चोखोबांचं काय झालं ते बघा. चोखोबा मंगळवेढ्याचे, जातीनं महार. सगळं घरदार विठ्ठलाचं. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत. पण देवळात जायला बंदी. इ.स. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत पडली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून नामदेवरायांनी ती पंढरीला आणली, अशी कथा आहे. महाद्वारासमोर समाधी झाली. समाधीसुद्धा दाराबाहेरच.

महिपतीबुवांनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला. त्यात गोष्ट आहे. देव चोखोबांच्या घरी जेवायला बसला. वाढताना दही सांडलं. बाहेरून जाणाऱ्या एकानं बोलणं ऐकलं आणि चोखोबांच्या थोबाडीत मारली. देवळात येऊन बघतो तर देवाच्या पितांबरावर दही आणि देवाचाच गाल सुजलेला.

ही गोष्ट गावोगाव सांगितली गेली. ऐकणारे डोळे पुसायचे. आणि डोळे पुसून घरी गेल्यावर चोखोबांच्या जातीच्या माणसाला पाणी वरूनच ओतायचे. दार काही उघडलं नाही. गोष्ट कानात गेली, पण मनात आधीच जे भरलं होतं त्याला धक्का लागला नाही.

दार उघडलं १९४७ साली. साने गुरुजी त्यासाठी महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मेला पंढरपुरात उपोषणाला बसले. तनपुरे महाराजांच्या मठानं त्यांना जागा दिली. १० मेला उपोषण सुटलं, मंदिर सगळ्यांना खुलं करायचं कबूल झालं. चोखोबा गेल्याला तेव्हा ६०९ वर्षं झाली होती. त्या वेळी काही जणांनी मूर्तीतलं देवपण मंत्रानं पाण्याच्या घागरीत काढून ठेवलं, असं सांगतात. देव बाटू नये म्हणून!

विरोध करणारी माणसं नास्तिक नव्हती. एकादशी करणारी, नेमानं पूजा करणारीच होती. मठ देणारेही विठ्ठलाचे आणि दार अडवणारेही विठ्ठलाचेच. मग फरक कुठं पडला? एकानं देवाला विचारून आपलं मन बदललं. दुसऱ्यानं आपल्या मनातलं देवाच्या तोंडी घातलं. ज्याचा आपल्याला विटाळ, त्याचा देवालाही विटाळ, असं धरून चालला. म्हणून मी म्हणतो, आपला देव आपल्याला कधीच अडवत नसेल, आपण म्हणू त्याला नुसती मान हलवत असेल, तर सावध व्हावं. तो विटेवरचा नव्हे, आपल्या घागरीतला देव आहे.

कुणी म्हणेल, मग माळ, एकादशी, मांस वर्ज्य, या अटी नाहीत का? नाहीत. ती आपल्या मनाची मशागत आहे. मशागत केली म्हणून पाऊस पडत नाही. पडलेला पाऊस रानात मुरावा म्हणून मशागत करायची. पाऊस सगळ्यांच्या रानावर सारखाच पडतो. बांध आपण घातलेत.

दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहानमोठा बघत नाही. ही आपली थोर चाल आहे. पण मुक्कामाला पंगत पडली की कोण कुणाशेजारी बसतं, वाढायला कोण उठतं, वीणा कुणाच्या गळ्यात येते आणि कुणाच्या कधीच येत नाही, हे ज्यानं त्यानं उघड्या डोळ्यांनी बघावं. शंभरीच्या वर्षात माझी एकच विनंती आहे. ज्याला पाठांतर आहे, ज्याचा नेम चोख आहे, त्याच्या गळ्यात वीणा जावी. घर कुठल्या आळीत आहे ते विचारू नये. देवानं ते कधीच विचारलं नाही.

रामकृष्ण हरी.