कधीही न धडकणाऱ्या गाड्या

विनाचालक मोटारींविषयीच्या बातम्यांत एक आकडा हटकून भेटतो : अमुक कंपनीच्या मोटारी संगणकातल्या रस्त्यांवर इतके कोटी मैल धावल्या. सुरक्षिततेचे प्रशस्तिपत्र असावे तसा तो पुढे केला जातो. संगणकातल्या या रस्त्यांमागे जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास आहे. तो चाळताना जाणवते, की या विद्येचा पाया घालणाऱ्यांपुढे अपघाताचा प्रश्न नव्हताच. त्यांना उकलायची होती ती वाहतुकीची कोंडी.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी रस्त्याकडेला चलच्चित्रांचा कॅमेरा लावून धावत्या मोटारींची चित्रे घेतली. रस्त्यावर गाड्यांची दाटी वाढते तसा वेग कसा उतरतो, हे त्यांनी १९३५ साली एका सरळ रेषेत मांडले. वीस वर्षांनी, १९५५मध्ये, इंग्लंडमधले गणिती जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटहॅम यांनी लांब नद्यांतल्या पुराचे गणित वाहतुकीला लावले. लोंढा म्हणजे पाणी, कोंडी म्हणजे त्यात मागे सरकणारी लाट. या गणितात चालक नव्हता. पाण्याच्या थेंबाला कुठे डुलकी लागते?

चालकाला गणितात आणले ते एका विश्वशास्त्रज्ञाने. रॉबर्ट हर्मन यांनी राल्फ आल्फर यांच्यासह १९४८ साली विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणाचे तापमान वर्तवले होते. १९५६मध्ये ते जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत आले. तिथल्या चाचणीमार्गावर दोन मोटारी एकामागे एक सोडल्या जात. त्यांच्यामध्ये रिळावर गुंडाळलेली तार असे आणि अंतर बदलले की त्याची नोंद होई. पुढच्याने ब्रेक दाबल्यावर मागचा किती वेळाने आणि किती जोराने दाबतो, याचे समीकरण हर्मन आणि सहकाऱ्यांनी १९५८मध्ये प्रसिद्ध केले. ‘पुढच्या गाडीमागे जाणारी गाडी’ हाच पुढच्या बहुतेक सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकात उभारलेल्या वाहतुकीचा, मूळ घटक ठरला.

१९९२मध्ये काय नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या जर्मन अभ्यासकांनी तो आणखी सोपा केला. साडेसात मीटरच्या चौकटींचा रस्ता, एका चौकटीत एकच गाडी, आणि चार नियम. त्यांतला एक असा, की पुढे जितक्या चौकटी मोकळ्या, त्यापेक्षा अधिक वेग घ्यायचा नाही. एवढ्यावर संगणकाच्या पडद्यावर खऱ्यासारखी कोंडी उमटली. पण या नियमाचा दुसरा अर्थही पाहायला हवा. या रस्त्यावर टक्कर होऊच शकत नाही. जर्मनीच्या अवकाश संशोधन केंद्रात २००० सालापासून विकसित होत गेलेली आणि आज जगभर वापरली जाणारी ‘सुमो’ ही खुली प्रणालीही मुळात न धडकणाऱ्या गाड्यांच्याच प्रारूपावर उभी राहिली.

कोंडीच्या अभ्यासासाठी हे गृहीतक योग्यच होते. अडचण आली ती हेच साधन सुरक्षितता मोजायला घेतले तेव्हा. जिथे कोणी धडकतच नाही, तिथे कोण सुरक्षित हे ठरवायचे कसे?

याचे एक उत्तरही जनरल मोटर्समध्येच तयार झाले होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्ट्युअर्ट पर्किन्स आणि जोसेफ हॅरिस यांनी चौकात उभे राहून अपघातांऐवजी ‘थोडक्यात वाचले’ असे प्रसंग मोजले. अचानक पेटलेला ब्रेकचा दिवा ही त्यांची खूण. १९७२मध्ये जॉन हेवर्ड यांनी त्याला सेकंदांचे माप दिले : दोन्ही वाहने आहे त्याच वेगाने, त्याच दिशेने जात राहिली तर टक्कर किती वेळात होईल? अपघात विरळा आणि हुकलेले अपघात मुबलक, म्हणून हे माप सिम्युलेशनलाही मानवले. मात्र हुकलेल्या अपघातांवरून खऱ्या मृत्यूंचा अंदाज बांधणे हा तर्क आहे, मोजणी नव्हे.

मग खऱ्या रस्त्यावरच मोजावे, तर आकडे आड येतात. अमेरिकेत दर दहा कोटी मैलांमागे साधारण एक मृत्यू होतो. रँड संस्थेच्या निधी कालरा आणि सुझन पॅडॉक यांनी २०१६मध्ये हिशेब मांडला. विनाचालक मोटार या बाबतीत माणसाइतकी तरी सुरक्षित आहे हे पंचाण्णव टक्के खात्रीने म्हणायचे, तर ती एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल धावायला हवी. शंभर मोटारी ताशी २५ मैलांनी रात्रंदिवस पळवल्या, तरी याला साडेबारा वर्षे लागतील. संगणकातले मैल अपरिहार्य झाले ते इथे. वेमो कंपनीच्या ‘कारक्राफ्ट’ या आभासी जगात २०१६ या एका वर्षात २५० कोटी मैल धावून झाले.

त्यानंतर १८ मार्च २०१८च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतल्या मोटारीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली. तिचा मृत्यू झाला. चाचणीसाठी बसलेल्या चालकाचे लक्ष रस्त्यावर नव्हते, हे चौकशीत दिसले. पण अधिक अस्वस्थ करणारी बाब दुसरीच होती. मोटारीच्या संवेदकांनी तिला ५.६ सेकंद आधी टिपले होते. प्रणाली तिला कधी वाहन, कधी इतर वस्तू, कधी सायकल समजत राहिली. झेब्रा क्रॉसिंगखेरीज कोणी पायी रस्ता ओलांडेल, ही शक्यता तिच्या रचनेत धरलेलीच नव्हती. गाडीने तिला पाहिले, पण ती कोण हे ओळखायला गाडीच्या जगात जागाच नव्हती.

यानंतरचे संशोधन याच फटीभोवती फिरताना दिसते. वेमोने २०२१मध्ये ॲरिझोनातल्याच चँडलर भागात २००८ ते २०१७ या काळात घडलेले ७२ जीवघेणे अपघात संगणकात पुन्हा उभे केले आणि त्यांत आपली मोटार घातली. अपघाताला सुरुवात करणाऱ्या वाहनाच्या जागी ती असता सर्व अपघात टळले. दुसऱ्याच्या चुकीला सामोरी जाताना ८२ टक्के टळले. अभ्यास मोलाचा आहे, पण परीक्षार्थी आणि परीक्षक एकच. मिशिगन विद्यापीठात हेन्री लिऊ यांच्या गटाने २०२३मध्ये वेगळी वाट धरली. भोवतीच्या आभासी गाड्यांनाच त्यांनी मोक्याच्या क्षणी आडवे यायला शिकवले. निरुपद्रवी मैल गाळून धोक्याचे तेवढे ठेवले, तेव्हा चाचणी हजार ते लाख पटींनी वेगवान झाली. धडकू न शकणाऱ्या गाड्यांपासून मुद्दाम धडकू पाहणाऱ्या गाड्यांपर्यंतचा हा प्रवास आहे.

आपल्या रस्त्यांपुरते पाहिले तर पहिले गृहीतकच वेगळे निघते. वर उल्लेखिलेली प्रारूपे एका लेनमधल्या रांगेवर बेतलेली आहेत. आयआयटी मद्रासमध्ये व्ही. तमिळ अरसन आणि रीबू कोशी यांनी २००५ साली लेनची कल्पना बाजूला ठेवली. संपूर्ण रुंदीचा एकच रस्ता मानून त्यावर बस, रिक्षा, दुचाकी असे लहानमोठे आयत मोकळे सोडले. २०२२मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के, तर पायी चालणारे सुमारे १९ टक्के. रांगेच्या प्रारूपाला ज्यांचे वागणे सर्वांत कमी ठाऊक, तीच माणसे आपल्याकडे सर्वाधिक मरतात.

सिम्युलेशनवाचून विनाचालक मोटारीची पारख होणार नाही, हे रँडच्या हिशेबानंतर नाकारता येत नाही. तेव्हा कोट्यवधी मैलांचा पुढचा आकडा कानी आला, की विचारायला हवे : त्या मैलांवर सायकल ढकलत चाललेली बाई किती वेळा भेटली? विरुद्ध बाजूने येणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून निघालेले शाळकरी पोर होते का? आणि हे तपासून पाहण्याची मुभा कंपनीबाहेरच्या कोणाला आहे का? मोटारींना परवाने द्यायची वेळ आपल्याकडे येईल, तेव्हा परवाना देणाऱ्याच्या हातात या प्रश्नांची उत्तरे लेखी असायला हवीत.