मानसोपचारतज्ज्ञाविना उपचार : गोव्यातील आणि विदर्भातील एका संशोधनाची वाटचाल

भारतातील राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) एक आकडा नोंदवला. नैराश्य, चिंताविकार यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या मानसिक आजारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नव्हता. या आकड्यावर ‘डॉक्टर वाढवा’ हे उत्तर सहज सुचते. मात्र मानसोपचारतज्ज्ञ घडायला वर्षे लागतात, आणि घडलेले बहुतेक जण शहरांत राहतात. काही तर आपल्याप्रमाणेच परदेशी येतात. म्हणून गेली पंचवीसेक वर्षे गोव्यात आणि महाराष्ट्रात वेगळ्या प्रश्नाचे उत्तर शोधले जात आहे : वैद्यकाचे शिक्षण नसलेली, त्याच परिसरातली, त्याच भाषेत बोलणारी व्यक्ती हे उपचार देऊ शकेल काय?

आरोग्याच्या अन्य क्षेत्रांत हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि पुढे अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर स्त्रियांना ग्रामआरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बाईला नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून त्यावर घरीच उपचार करायला शिकवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ३९ गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. मनाच्या आजाराबाबत आक्षेप निराळा होता. बाळाचा ताप मोजता येतो, श्वास मोजता येतो. दुःख कसे मोजणार, आणि ते आजार आहे की आयुष्य, हे कोणी ठरवायचे?

या आक्षेपाचा पाठपुरावा करणाऱ्यांत डॉ. विक्रम पटेल यांचे नाव अग्रणी आहे. मुंबईत जन्मलेल्या पटेल यांनी नव्वदच्या दशकात झिम्बाब्वेतील हरारे येथे काम केले. तेथील शोना भाषेत ‘अति विचार करणे’ या अर्थाचा एक शब्द आहे. लोक आपली व्यथा त्या शब्दाने सांगत. १९९६ साली गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू झाली आणि पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक होते. तेथे त्यांच्या गटाने आधी उपचार शोधले नाहीत. आधी ऐकले, आणि माझ्या मते त्या संशोधनाचा आजही सर्वाधिक मोलाचा भाग तोच आहे.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोव्यातील नवमातांची पाहणी झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यापैकी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते. त्यांतील बहुसंख्य गरोदरपणातच मानसिकदृष्ट्या त्रासलेल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झाल्या नव्हत्या. नैराश्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. मुलगा हवा असताना मुलगी झाली तर धोका आणखी वाढत होता. अभ्यासाच्या शीर्षकातच नैराश्याच्या शेजारी लिंगभाव आणि दारिद्र्य हे शब्द होते, हे मुद्दाम सांगण्यासारखे.

पुढच्या पाहण्यांनी आणखी खोल हात घातला. सततचा थकवा ही आपल्याकडच्या बायकांची नित्याची तक्रार, आणि तिचे ठरलेले उत्तर म्हणजे लोहाच्या गोळ्या. गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीत (‘बीएमजे’, २००५) या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. आढळला तो आर्थिक ओढग्रस्तीशी, सासर-माहेरच्या ताणांशी आणि बिघडलेल्या मानसिक स्वास्थ्याशी. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचेही तसेच झाले. ती तक्रार करणाऱ्या बहुतेक स्त्रियांना जंतुसंसर्ग नव्हता. मनावरचा भार मात्र होता. दवाखान्यात ‘मला उदास वाटते’ असे कोणी म्हणत नाही. अंग मोडून येते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, असे म्हणतात आणि जीवनसत्त्वांचे इंजेक्शन घेऊन घरी परततात. आपल्या आईशी किंवा मावशीशी दर रविवारी फोनवर बोलणाऱ्या वाचकांना ही भाषा अनोळखी नसावी.

या पायावर ‘मानस’ ही चाचणी उभी राहिली. मनशांती सुधार शोध असे तिचे पूर्ण नाव. गोव्यातील २४ दवाखाने निवडले गेले, १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी डॉक्टरांचे. त्यांतील निम्म्यांत सामान्य समुपदेशक नेमले. हे समुपदेशक स्थानिक होते आणि आरोग्यक्षेत्राचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन ते रुग्णाला त्याच्या त्रासाचा अर्थ समजावून सांगत, गरज असल्यास नातेसंबंधांवर बेतलेला मानसोपचार देत. औषध लागले तर ते डॉक्टर देत आणि मानसोपचारतज्ज्ञ मागे राहून मार्गदर्शन करत. ‘मानसिक आजार’ हा शब्द शक्यतो टाळला जाई. ‘टेन्शन’ पुरेसे होते.

सहभागी २,७९६. निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ज्यांचे निदान पक्के झाले होते अशा रुग्णांपैकी, सरकारी केंद्रांत समुपदेशक असताना सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले. समुपदेशक नसताना ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही : ६४.१ विरुद्ध ६५.९. या दुसऱ्या जोडीकडे वर्तमानपत्रांनी फारसे लक्ष दिले नाही. खासगी डॉक्टरकडे समुपदेशकाविनाही दोनतृतीयांश रुग्ण बरे होत होते, म्हणजे सुधारणेला जागाच कमी होती. घर ओळखणारा, दोन मिनिटे जास्त बसवणारा ‘फॅमिली डॉक्टर’ हेच काम नकळत करत असावा, असे अनुमान काढता येते. सिद्ध मात्र झालेले नाही. उलट सरकारी केंद्रातल्या रांगेत जे हरवले होते, ते समुपदेशकाने भरून काढले.

पुढील टप्प्यात उपचार अधिक नेमके झाले. तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा एक कार्यक्रम बेतला गेला. त्याचा गाभा वर्तन-सक्रियता हा आहे : मन लागेल तेव्हा कामाला लागू असे न म्हणता, आधी एखादे छोटे, अर्थपूर्ण काम ठरवायचे आणि ते केल्याने मन कसे बदलते याची नोंद ठेवायची. ४९५ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर इतरांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले. याच काळात अतिमद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर दुसरी चाचणी झाली. त्यांच्यातही सुधारणा दिसली (३६ विरुद्ध २६ टक्के), परंतु पत्नीवरील हिंसेत फरक पडल्याचे दिसले नाही. बाटली सुटली म्हणजे हात थांबतो, हा आपल्याकडचा लाडका समज येथे टिकत नाही.

या टप्प्यातली एक नवलाई मात्र सहसा दुर्लक्षित राहते. समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, आणि त्यांचे गुणांकन केवळ तज्ज्ञ नव्हे तर समुपदेशक स्वतः एकमेकांचे करत. तज्ज्ञांची वानवा असताना देखरेखीलाही तज्ज्ञच लागले असते, तर सारी योजना तेथेच अडकली असती.

विदर्भाचा संदर्भ अधिक कठोर आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरील कार्यकर्ते घरोघर जात, समुपदेशक पुढचे काम करत, तज्ज्ञ ठरावीक काळाने येत. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. आकडे आश्वासक असले तरी हे आधीच्या आणि नंतरच्या पाहणीचे आकडे आहेत. तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती. शिवाय कापसाचा भाव, सावकाराचे कर्ज आणि पाऊस यांवर समुपदेशकाची सत्ता चालत नाही. शेतकऱ्याच्या व्यथेला ‘नैराश्य’ म्हटले की शासनाची जबाबदारी हलकी होते, अशी टीका होते. ती अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र कर्जमाफीची वाट पाहत असलेल्या माणसाची आजची रात्र सुसह्य करणे हेही काम आहे, आणि दोहोंपैकी एकच निवडायचे असे कोणी बंधन घातलेले नाही.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातल्याच स्वयंसेवकांकडे हे काम सोपवून पाहिले. साताऱ्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा (२०१४) निष्कर्ष मात्र माफकच होता : लक्षणे काहीशी कमी झाली, समाजाकडून होणारा दुजाभाव आणि घरच्यांवरील भार तसाच राहिला. गंभीर आजारात सामान्य समुपदेशक हा तज्ज्ञाचा मदतनीस ठरतो, पर्याय नव्हे.

खरी अडचण मोबदल्याची आहे. संशोधन प्रकल्पात समुपदेशकाला पगार असतो. प्रकल्प संपला की काम ‘आशा’ सेविकेकडे सरकते. ती आधीच लसीकरण, बाळंतपणे आणि सर्वेक्षणांच्या ओझ्याखाली असते, आणि तिला वेतन नव्हे तर मानधन मिळते. तिच्या वहीत आणखी एक रकाना वाढवून मानसिक आरोग्यसेवा उभी राहील, असे मानणे सोयीचे असले तरी चाचण्यांनी ते सिद्ध केलेले नाही. प्रशिक्षण, देखरेख आणि पुरेसा वेळ मिळाला तेव्हाच त्या चाचण्या यशस्वी झाल्या.

आता ही विद्या उलट दिशेने निघाली आहे. गोव्यातील समुपदेशकांच्या परस्पर-गुणांकनावर काम केलेल्या डेझी सिंगला यांच्या नेतृत्वाखाली टोरांटो, शिकागो आणि नॉर्थ कॅरोलायना येथे १,२३० गर्भवती आणि नवमातांवर चाचणी झाली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार परिचारिका, सुईणी आणि प्रसूती-सहायिका यांनी दिलेली वर्तन-सक्रियता तज्ज्ञांनी दिलेल्या उपचाराहून कमी परिणामकारक नव्हती. आणि व्हिडिओवरील बैठका प्रत्यक्ष भेटीहून उण्या ठरल्या नाहीत. उपचारासाठी महिनोन्महिने प्रतीक्षायादीत राहणाऱ्या येथील मराठी कुटुंबांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

भारतातील नातेवाइकांसाठी एक नोंद : केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. गोव्यातील ‘मानस’ चाचणीशी तिचे नामसाधर्म्य आहे, इतकेच. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते.