भगव्या डाळिंबाचे कूळ

लोखंडी विळीवर डाळिंब चिरले की पात्यावर निळसर काळा डाग उठतो. पाते लगेच धुतले नाही तर राखेने घासूनही तो सहज निघत नाही. डाळिंबाच्या सालीत टॅनिन जातीची तुरट द्रव्ये ठासून भरलेली असतात आणि लोखंडाशी गाठ पडली की ती काळी पडतात. रंगाऱ्यांना हा गुण फार पूर्वी कळला होता. सालीच्या काढ्यात कापड बुडवून ते पिवळा रंग चढवत आणि लोहाचे पाणी देऊन तोच रंग गडद करत. वैद्यांनी त्याच तुरटपणाचा उपयोग अतिसारावर केला. दाडिमाष्टक चूर्ण आजही औषधांच्या दुकानात मिळते. झाडाच्या मुळांची साल पोटातल्या पट्टकृमींवर देत असत. त्या सालीतली अल्कलॉइडे फ्रान्समधल्या शार्ल तांरे यांनी १८७८ मध्ये वेगळी केली आणि क्विनीन शोधणाऱ्या पेलेटिए यांच्या स्मरणार्थ त्यांना पेलेटिएरिन हे नाव दिले. फळाच्या सालीतल्या एका मोठ्या टॅनिनला आज रसायनशास्त्रात प्युनिकॅलॅजिन म्हणतात.

या नावातला ‘प्युनिक’ आला तो कार्थेज या प्राचीन शहरावरून. रोमन लोक डाळिंबाला कार्थेजचे सफरचंद म्हणत. लिनियसने १७५३ मध्ये त्यावरूनच प्युनिका ग्रॅनॅटम हे शास्त्रीय नाव ठरवले. ग्रॅनॅटम म्हणजे दाण्यांनी भरलेले. आपला शब्द मात्र संस्कृत दाडिमापासून उतरला आहे. पतंजलीच्या महाभाष्यात दाडिम आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच हे फळ आपल्याकडे पुरेसे ओळखीचे झाले होते. झाड मूळचे इराण आणि त्याच्या आसपासच्या डोंगराळ मुलखातले. पण मराठी घरात ते इतके रुजले की मोड आणून सोललेल्या वालांनाही आपण डाळिंब्याच म्हणतो. सोललेला टपोरा दाणा पाहिला की आपल्या भाषेला पहिले डाळिंबच आठवते.

वनस्पतिशास्त्रात ‘कूळ’ या शब्दाला पक्का अर्थ आहे. फार वर्षे डाळिंबाला स्वतंत्र कूळ दिलेले होते आणि त्या कुळात जाती दोनच: आपले डाळिंब आणि अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरचे त्याचे रानटी भावंड. पुढे फुलांची रचना आणि डीएनए यांचा मेळ घातल्यावर डाळिंबाची रवानगी मेंदीच्या कुळात झाली. म्हणजे हातावरची मेंदी, महाराष्ट्राचे राज्यफूल तामण, आसवे आंबवायला लागणारी धायटी आणि तळ्यातला शिंगाडा हे सगळे डाळिंबाचे भाऊबंद ठरतात.

आता ही कथा आपल्या मुलखात येते. पुण्याच्या परिसरात आळंदी आणि वडकी या गावांच्या नावाने ओळखले जाणारे डाळिंब होते. चव गोड, दाणा गडद, पण बी टणक. गणेशखिंडीच्या बागेत डॉ. जी. एस. चीमा या फळतज्ज्ञांनी या आळंदी वाणातून १९३६ मध्ये एक झाड निवडले. द्राक्षातली ‘चीमा साहेबी’ ज्यांच्या नावाने आहे, तेच हे चीमा. निवडलेल्या झाडाला बागेच्या नावाने ‘जीबीजी-१’ असा क्रमांक मिळाला आणि १९७० मध्ये त्याचे नामकरण ‘गणेश’ असे झाले.

गणेशचे मोठेपण कळायला एक फळ उघडून पाहावे. वर मुकुटासारखा भाग असतो, तो फुलाचा वाळलेला निदलपुंज. आत पिवळसर कागदी पडदे असतात आणि कप्पे चक्क दोन मजल्यांवर, वर जास्त आणि खाली कमी. आपण खातो तो रसाळ दाणा म्हणजे फळाचा गर नव्हे. ते बियांचे बाहेरचे आवरण आहे, पाण्याने फुगलेले. त्याच्या आत बियांचे दुसरे, लाकडी आवरण असते. दाताखाली कचकन लागते ते हेच. हे आवरण पातळ आणि मऊ असले की डाळिंब लहान मुलाला बिनधास्त देता येते. गणेशमध्ये ते मऊ होते. उणीव एवढीच होती की दाण्याचा रंग फिकट गुलाबी असे आणि बाजारात गिऱ्हाइकाचा डोळा लाल दाण्यावर जाई.

ही उणीव भरून काढण्याचे काम आपल्या नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात झाले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी मऊ बियांच्या गणेशचा संकर ‘गुल-ए-शाह रेड’ या लाल वाणाशी केला. नाव फारसी, दाणा गडद लाल, पण बी कडक आणि चव आंबटाकडे झुकणारी. एकाकडून मऊपणा आणि गोडी घ्यायची, दुसऱ्याकडून रंग घ्यायचा, असा हा हिशोब होता. संकराच्या पहिल्या पिढीत गुण एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या पिढीत ते पुन्हा सुटे होतात आणि प्रत्येक रोप वेगळे निघते. एखाद्यात रंग येतो पण बी कडक, एखाद्यात बी मऊ पण दाणा फिकट. बियांपासून वाढवलेले रोप फळावर यायला तीन-चार वर्षे लागतात. मग फळ कापायचे, चाखायचे, नोंद करायची आणि शेकडो झाडे बाद करून एखादे ठेवायचे. फळझाडाचा वाण काढणे म्हणजे अशी वर्षानुवर्षांची राखण असते.

या जोडीच्या वंशातून १९९४ मध्ये ‘मृदुला’ आली. नाव मऊ बियांवरून. पुढे ‘आरक्ता’ आली, नाव रंगावरून. आणि २००३-०४ च्या सुमारास ‘भगवा’ प्रसारित झाला. केशरी लाल चकचकीत साल, गडद लाल दाणा आणि मऊ बी. साल जाड असल्यामुळे फळ लांबचा प्रवास सोसते, म्हणून आखाती देशांत आणि युरोपात हाच वाण पोहोचला. शेतकऱ्यांनी त्याला आपापली नावे दिली. कुठे शेंदरी, कुठे अष्टगंधा, कुठे मस्तानी, कुठे जय महाराष्ट्र. ज्या झाडाला गावागावांत नवे नाव मिळते ते झाड लोकांनी आपले मानलेले असते.

वाण हाताशी होता, तसे रानही तयार होते. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. प्रवरेच्या पाटाखाली ऊस होता, पण संगमनेर, राहाता, पारनेर, कर्जतकडच्या मुरमाड माळांना पाटाचे पाणी नव्हते. डाळिंबाला अशीच हलकी, निचऱ्याची जमीन मानवते. शेततळे आणि ठिबक यांच्या जोरावर माळावर बागा उभ्या राहिल्या. पाण्याचा ताण देऊन पानगळ करायची आणि आंबिया, मृग किंवा हस्त यांतला एक बहार धरायचा, हे तंत्र घराघरात पोहोचले. राहात्याच्या बाजार समितीत डाळिंबाचे लिलाव गाजू लागले. दुष्काळी गावांत पक्की घरे उभी राहिली, पोरे शिकली. हे एका झाडाचे ऋण आहे.

आणि इथेच या कथेची दुखरी बाजू सुरू होते. भगव्याची लागवड गुटी कलमाने होते. फांदीची साल काढायची, ओल्या शेवाळाने बांधायचे, मुळे फुटली की कापून लावायचे. अशा कलमातून आईचे हुबेहूब रूप मिळते. गुण पक्के राहतात हा त्याचा फायदा. पण मैलोन्‌मैल पसरलेल्या बागा म्हणजे एकाच झाडाच्या प्रती होतात. एका झाडाला जो रोग झेपत नाही, तो कोणालाच झेपत नाही.

तेल्याने हे दाखवून दिले. झँथोमोनास या जिवाणूचा हा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये दिल्लीला. आपल्याकडे त्याचा कहर झाला २००० नंतर. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका येतो, उजेडासमोर धरला की तेल लागल्यासारखा चमकतो. फळावरचा ठिपका काळा पडून तडकतो आणि त्या तड्यातून सगळे फळ उकलते. पावसाचे शिंतोडे, छाटणीची कात्री आणि रोगट कलम यांतून तो बागेबागेत फिरला. भगवा तयार व्हायला सहा महिने घेतो, म्हणजे पावसाशी गाठ पडण्याचे दिवसही जास्त. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने बनवलेले स्ट्रेप्टोसायक्लिन फवारून बागायतदार झुंजले. त्यातले औषधही मूळचे मातीतल्या सूक्ष्मजीवांनी घडवलेले.

दुसरा शत्रू मर. सेरॅटोसिस्टिस ही बुरशी मुळातून खोडात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. फांदी पिवळी पडते, मग झाड उभ्या उभ्या वाळते. खोड आडवे कापले की आत तपकिरी काळे पट्टे दिसतात. पाच-सहा वर्षांचे फळते झाड उपटून बांधावर टाकताना माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते ज्याने पाहिले आहे, त्याला रोगाची व्याख्या सांगावी लागत नाही. या बुरशीला आवर घालायला ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी शेणखतातून देतात. मातीतला मित्र मातीतल्या वैऱ्यासमोर उभा करायचा, हा त्यातला विचार.

औषधाने बाग वाचेल, पण वाण सुधारायचा तर कुळाकडेच परत जावे लागते. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने काढलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण याचे उदाहरण आहे. त्याच्या वंशावळीत भगवा आहे, गणेश आहे, ‘नाना’ हे शोभेचे बुटके डाळिंब आहे आणि हिमालयाच्या उतारावरचे आंबट रानडाळिंब ‘दारू’ही आहे. ज्या रानडाळिंबाकडे बाजार ढुंकून पाहत नाही, त्याचे रक्त नव्या वाणाला लोह आणि जस्त देऊन गेले.

भगवा जन्मला तोही असाच, आळंदीच्या मातीतल्या आणि परमुलखातल्या अशा दोन घराण्यांच्या मिलाफातून. उद्याचा वाणही असाच जन्मेल, पण त्यासाठी जुनी घराणी शिल्लक राहिली पाहिजेत. तुमच्या बांधावर, परसात किंवा देवळामागे एखादे गावठी, कडक बियांचे, आंबटगोड डाळिंब असेल तर ते तोडण्याआधी त्याची एक गुटी बांधा आणि राहुरीच्या विद्यापीठाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा.