वर विस्तव, खाली विस्तव

आज ज्या पदार्थाचा इतिहास आपणांस सांगावयाचा आहे त्याला मराठीत अद्याप सर्वमान्य नाव नाही. इंग्रजी पाकपुस्तकांतून तो सर्रास आढळतो. लोण्यात मळलेल्या पिठाचा एक थर खाली, मध्ये शिजवून आटवलेल्या फळांचा गर, वर पुन्हा पिठाचा चुरा, आणि हे सर्व भट्टीत भाजून त्याचे चौकोनी तुकडे पाडावयाचे. आपण त्याला तूर्त ‘भरली वडी’ म्हणू. असल्या विलायती खाऊला कसला इतिहास, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत असे. माझे हे मत लोहगडवाडीतल्या एका ओटीवर बदलले.

लोहगडवाडी हे मावळातील लोहगड किल्ल्याच्या पायथ्याशी, विसापूरच्या शेजारी वसलेले लहानसे गाव. मळवलीच्या स्टेशनावर उतरून, भाज्याची लेणी एका हाताला टाकून चढू लागले म्हणजे दीड-दोन तासांत तेथे पोहोचता येते. पुरंदरच्या तहात १६६५ साली हा गड मोगलांकडे गेला, १६७० साली परत आला. पुढे नाना फडणविसांनी त्यावर मोठे तळे बांधले. १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती पडला आणि २०२५ साली इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले. एवढा सगळा इतिहास पाठ करून मी वैशाखातल्या एका दुपारी काही विद्यार्थ्यांसह गडावरून उतरलो, आणि उन्हाने जीव कासावीस झाल्यामुळे एका घराच्या ओटीवर टेकलो. घरातल्या वृद्ध बाईंनी आधी पाणी दिले आणि मग पितळी ताटलीत काळसर-तांबूस रंगाच्या चार-पाच वड्या आणून ठेवल्या.

“घ्या दादा, करवंदाची हाय.”

मी तुकडा मोडला. वरचे कवच खुसखुशीत, आत करवंदाचा आंबटगोड गर, आणि मागाहून जिभेवर रेंगाळणारी धुराची किंचित चव. ही वस्तू मी पुण्याच्या बेकऱ्यांत खाल्ली होती, पण तिच्यात जर्दाळू किंवा सफरचंद असे. घरात भट्टी तर कोठे दिसेना. “आजी, ही भाजलीत कशात?” असे विचारताच त्यांनी परसातल्या तीन दगडांच्या चुलीकडे बोट दाखविले. “पातेल्यात. वर इस्तू, खाली इस्तू.”

त्या चार शब्दांमुळे पुढले काही महिने मी जुनी पुस्तके चाळण्यात घालविले. त्यातून जे हाती आले ते आपणांपुढे ठेवतो.

पिठात गोड सारण भरून भाजणे ही कल्पना फार जुनी आहे. बगदादच्या मुहंमद बिन हसन याने १२२६ साली लिहिलेल्या अरबी पाकग्रंथात ‘खुश्कनानज’ नावाचा पदार्थ आहे. तिळाच्या तेलात मळलेले बारीक पीठ लाटावयाचे, त्यात बदाम आणि सुगंधी साखर भरावयाची आणि तंदुरात भाजावयाचे. यंत्रयुगात हीच कल्पना अमेरिकेत गेली. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावाचे नाव मिरविणारी अंजिराची भरली वडी १८९१ साली बाजारात आली, ती एका यंत्राच्या जोरावर. त्या यंत्रात नरसाळ्यात नरसाळे बसविलेले होते. बाहेरच्यातून पीठ आणि आतल्यातून अंजिराचा गर एकाच वेळी सरकत येई. आपल्याकडे पुरण भरण्याचे काम ज्या बोटांनी इतकी शतके केले, त्या बोटांना हे यंत्र पाहून हसूच आले असते.

आता महाराष्ट्राकडे वळू. सारण आपल्याला नवे नव्हते. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात आजच्या पुरणपोळीचे पूर्वज भेटतात. फळ आटवून टिकविण्याची विद्याही होती. कोकणातली आंबापोळी आणि फणसपोळी ही तिची साक्ष. मात्र तेथे विस्तवाचे काम सूर्य करतो. गोव्यात पोर्तुगिजांच्या सहवासाने पेरूचा गर साखरेत घोटून त्याच्या वड्या पाडू लागले, त्या ‘पेराद’ या नावाने आजही घरोघर होतात. पेराद हे नाव नासपतीच्या पोर्तुगीज नावावरून, म्हणजे ‘पेरा’वरून, आले, आणि आपला पेरू हा शब्दही तेथूनच आल्याचे भाषाकोविद मानतात. तेव्हा भरली वडी होण्यास लागणारी सामग्री, म्हणजे सारण, आटवलेले फळ आणि थापून वडी पाडण्याची रीत, आपल्या घरी हजर होती. उणीव होती ती भट्टीची.

आणि ती उणीव केवळ विटांची नव्हती. भट्टी म्हटली की पाव आला, आणि पाव म्हटला की धर्म आला. (पाव पायांनी तुडवितात म्हणून तो पाव, ही व्युत्पत्ती अर्थातच खोटी; तो शब्दही पोर्तुगीजच.) पाववाल्याच्या हातचे खाणे म्हणजे जात गमावणे, ही समजूत इतकी बळकट होती की जात मोडू इच्छिणाऱ्यांनी तिचाच उलटा उपयोग केला. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा गुप्तपणे चालविली. तिच्यात प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती भट्टीतला पाव खावा लागे. एक पावाचा तुकडा, पण तो गिळताना किती तरुणांचे हात कापले असतील याची कल्पना करा. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विरून गेली.

तिच्याहून अधिक गाजले ते पुण्यातले प्रकरण. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये शहरातील नामांकित मंडळींना बोलावणे होते. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळराव गोखले असे एकाहून एक थोर लोक जमले. पुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कपाला हात लावला, कोणी तेही केले नाही. हे सारे घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. गृहस्थ मोठे विक्षिप्त. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली आणि गावात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे १८९२ साली ते घेतले. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या दिवसांचा मनस्ताप वाचावयास मिळतो. त्या काळच्या पुण्यात बिस्किट या वस्तूला केवढे वजन होते हे यावरून कळावे. ज्या घरांतील पुरुषांनी एका बिस्किटासाठी हे सोसले, त्या घरांतील बायकांनी भट्टीतला पदार्थ आपल्या ओट्यावर आणावा ही अपेक्षा कोणी करावी? एरवी विलायती चिजांचे कौतुक करणारे आपले सुधारकसुद्धा या बाबतीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थबकले, असे मला वाटते.

येथवर आल्यावर मी समजत होतो की उत्तर सापडले. भट्टी परकी, म्हणून भाजलेली वडी परकी. परंतु आजींचे ते शब्द स्वस्थ बसू देईनात. वर विस्तव, खाली विस्तव. हे तर मी दुसरीकडेही ऐकले होते. कोकणात मोठी तवस किसून, तीत तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून धोंडस करतात. पातेल्याच्या बुडाशी केळीचे पान, झाकणावर रसरशीत निखारे. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले याच रीतीने होते. ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई धुरंधर याच समाजातल्या. म्हणजे आपल्या बायकांना भट्टी ठाऊक होती; तिला त्या भट्टी म्हणत नव्हत्या इतकेच. पंचहौदात जी वस्तू जात बुडविणारी ठरली, तिच्यामागची कृती चुलीवर राजरोस चालली होती आणि तिच्याविषयी ग्रामण्य करण्याचे कोणाच्या डोक्यात आले नाही.

लोणावळ्याचा विषय निघाला की लोक चिक्कीची गोष्ट सांगतात. बोरघाटातला लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांना गूळ आणि शेंगदाणे घोटून विकलेली गुडदाणी म्हणजे तिचे मूळ रूप, असे म्हणतात. घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांचा चढ, पंचवीस बोगदे, आणि १८६१ साली कामावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच १८५९ साली मरण पावला आणि पुढले काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसबाईंनी, अंगावर घेतले. या बाईंवर एखादे स्वतंत्र भाषण व्हावे. चिक्कीची गोष्ट मात्र मी जपूनच घेतो. मजुरांची गर्दी ओसरल्यानंतर गाडीतून उतरणाऱ्या हवाशीर पाहुण्यांनीच तिला खरे नाव मिळवून दिले असावे. त्याच गाडीने पारशी, गुजराती आणि इंग्रज कुटुंबांचे बंगले लोणावळे-खंडाळ्यास आणले, आणि त्या बंगल्यांच्या स्वयंपाकघरांत मावळच्या बायका कामास लागल्या.

आमच्या आजी त्यांतल्याच. दुसऱ्या खेपेस मुद्दाम गेलो तेव्हा त्यांनी सर्व सांगितले. लग्नाआधी दोन वर्षे त्या लोणावळ्याच्या एका पारशी बंगल्यात मदतीस होत्या. तेथल्या बाई लोखंडी भट्टीत जर्दाळूच्या वड्या करीत. आजींच्या वाट्याला भांडी घासणे आणि पीठ चाळणे. कृती कोणी शिकविली नाही, ती त्यांनी पाहून उचलली. लग्न होऊन लोहगडवाडीस आल्यावर एका वैशाखात त्यांनी करवंदांवर प्रयोग केला. लोणी परवडेना म्हणून तूप, साखरेऐवजी गूळ, भट्टीऐवजी पातेले.

“सासूबाई काय म्हणाल्या?” मी विचारले. माझ्या डोळ्यांपुढे पंचहौद होता.

आजी हसल्या. “त्या खालच्या, कोकणातल्या. एक तुकडा खाल्ला नि म्हनल्या, अगं, हे तर आमचं धोंडसच! काकडी कुठं गेली?”

ज्या प्रश्नावर पुण्यात दोन वर्षे खल झाला, तो लोहगडवाडीस असा निकालात निघाला.

आता ज्या भगिनींना ही वडी करून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी आजींची रीत सांगतो. पिकलेली करवंदे स्वच्छ धुऊन, थोड्या पाण्यात उकडून, चाळणीवर घासून बिया व चीक वेगळा करावा. दोन वाट्या गराला एक वाटी गूळ घालून मंद आचेवर आटवावा. डाव फिरवला असता बुडाशी वाट उमटून क्षणभर तशीच राहिली की उतरावा. काही करवंदे अर्धकच्ची घेतल्यास गर चांगला थिजतो, कारण फळाला घट्टपणा आणणारे पेक्टिन नावाचे द्रव्य कच्च्या फळात अधिक असते. आजींना हे नाव ठाऊक नाही. त्या आठात दोन लाल करवंदे घालतात. मग दीड वाटी कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, पाऊण वाटी घट्ट तूप, पाऊण वाटी किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ बोटांनी चोळावे. पाणी घालू नये. मूठ वळली पाहिजे आणि दाबताच मोडली पाहिजे. यातला अर्ध्याहून थोडा अधिक भाग केळीच्या पानावर थापावा, गर पसरावा, उरलेला चुरा वर भुरभुरावा. निखारे खाली थोडे आणि झाकणावर पुष्कळ, कारण तळ लवकर करपतो. अर्ध्या-पाऊण तासात वरचा रंग बदामी होतो. ज्यांच्या घरी विजेची भट्टी आहे त्यांनी १८० अंशांवर तितकाच वेळ ठेवावे. गरम असताना सुरी लावण्याचा मोह आवरावा; मी तो आवरला नाही आणि सारा गर ताटात वाहिला.

करवंदांचा हंगाम आखूड. वैशाखात ती काळी होतात आणि पहिल्या पावसाबरोबर संपतात. डोंगरातल्या काट्यांत हात ओरबाडून घेत बायका ती वेचतात आणि पानाच्या द्रोणांतून रस्त्याच्या कडेला विकतात. संध्याकाळी जी उरतात ती मऊ पडून फुकट जातात. आजींच्या वड्या त्या उरलेल्या करवंदांच्या. पंधरा दिवस टिकतात, गडावर येणारी मुले आवडीने घेतात. पण शेजारच्या कोणी तरुण सुनेने ही कृती उचलल्याचे मला दिसले नाही. कारण विचारता आजींनी नव्या शेगडीकडे मान वळविली.

“आता घरात ग्यास आला, दादा. खालचा इस्तू मिळतो. वरचा कुठून आनायचा?”

मी पुण्याहून लहान विजेची भट्टी आणून देण्याची गोष्ट काढली. त्यांनी ती ऐकून घेतली, नको असेही म्हणाल्या नाहीत. मग परसात जाऊन निखारे झाकणावर सारखे करू लागल्या, कारण त्या दिवसाचे पातेले अजून उतरायचे होते.