पात्रवर्ग आणि मुभा : तमाशातील सोंगांचा आवृत्ती-इतिहास

पात्राचा वर्ग म्हणजे त्याचा स्वभाव, हा समज नाट्यशास्त्रातील नायकभेदांइतका जुना आहे. व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये परीकथांचे रूपविवेचन करताना पात्राची ओळख स्वभावाऐवजी कृतिक्षेत्रात शोधली. तमाशाला ही दृष्टी अधिक मानवते. मात्र तिला एक पुरवणी जोडावी लागते. जेथे संवाद आधी लिहिलेले नसतात, तेथे वर्ग म्हणजे मुभा होय : कोणी, कोणाशी, कोणत्या थरापर्यंत बोलावे याची.

या दृष्टीने एक परकीय उदाहरण उद्बोधक आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन, फाशांच्या आधारे, गोष्ट पुढे नेतो. १९७४ च्या मूळ आवृत्तीत योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. १९७५ च्या पुरवणीत 'चोर' आला. तोवर दबक्या पावलांनी जाण्याचा प्रयत्न कोणालाही करता येई. चोराच्या नावे ते कौशल्य लागल्यावर इतरांचा त्यावरील हक्क संशयास्पद ठरला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून मारेकऱ्याचा वर्ग गळाला आणि सैतानी जीवांची नावे बदलली. त्यामागे धार्मिक गटांच्या आक्षेपांचे दडपण होते. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने वर्गांची सरमिसळ बरीच मोकळी केली. नवा वर्ग आला की जुन्या वर्गाची मुभा आक्रसते, हे येथे नियमपुस्तकातच वाचायला मिळते.

तमाशाला नियमपुस्तक नाही. आवृत्त्या मात्र आहेत. गण-गौळणीच्या तमाशात सरदार, सोंगाड्या आणि स्त्रीवेषधारी नाच्या हे वर्ग ठरलेले. उमा-बाबाजी सावळजकरांचा 'मोहना बटाव' (१८६५) हा पहिला वग मानला जातो. वगाबरोबर राजा, प्रधान, शिपाई ही पात्रे आली. पण सोंगाड्या त्यांच्यात विरघळला नाही. गौळणीत पेंद्या झालेला नट वगात शिपाई होई, आणि त्याची मुभा वेषाबरोबर बदलत नसे. समोर कृष्ण असो वा राजा, त्याने उलट बोलायचेच. हा नट बहुधा महार-मांग समाजातला, हे ध्यानात घेतले की त्या उलट बोलण्याचे वजन कळते.

पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) काळात पवळा फडावर आली आणि नाच्याच्या वर्गाचे दोन तुकडे झाले. तरुण गौळण स्त्रीकडे गेली. मावशी पुरुषाकडेच राहिली. विदर्भाच्या खडी गंमतीत मात्र नाच्या टिकून राहिला. मावशीच का उरली, याचे उत्तर वास्तवाभासाच्या निकषावर मिळत नाही. कृष्णाला दरडावण्याची आणि चावट बोलण्याची मुभा पुरुषाच्या आवाजालाच पेलेल, अशी प्रेक्षकाची धारणा त्यामागे दिसते. स्त्री रंगमंचावर आली, पण मुभेचा तो हिस्सा तिला मिळाला नाही.

१९४८ मध्ये मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली, पण पाठोपाठ संहितेचे परीक्षण आले. अश्लीलतेचा बंदोबस्त हा त्याचा प्रकट हेतू. परिणाम त्याहून खोल होता. रावेरसारख्या तालुक्याचा विचार करावा. येथे लेवा गणबोली, तडवींची बोली आणि बऱ्हाणपूरच्या बाजूची हिंदी शेजारी नांदतात. अशा मुलखात बतावणीला गावागणिक वळण घ्यावे लागते. आधी लिहून, तपासून आणलेली बतावणी हे वळण घेणार कसे? सोंगाड्याचा वर्ग कागदावर शाबूत राहिला. त्याची मुभा मात्र परवान्याची बाब झाली.

पुढची आवृत्ती 'लोकनाट्य' या नावाने आली. अण्णा भाऊ साठे यांनी गणातला गणपती बाजूला सारला, गौळण वगळली. म्हणजे पेंद्या आणि मावशी हे दोन्ही वर्ग एका फटक्यात गेले. त्यांची टिंगल कामगाराच्या तोंडी आली, पण तिला आता राजकीय भूमिका होती, आणि भूमिका असलेला माणूस सोंगाड्याइतका बेजबाबदार राहू शकत नाही. ही हानी अण्णा भाऊंच्या गौरवात फारशी मोजली गेलेली नाही.

वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) मध्ये हवालदाराच्या रूपाने सोंगाड्या परतला. दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घटनांवर नवी पदरची वाक्ये घालत. छापील 'विच्छा'त ती बहुतेक नाहीत.